आमची कढई आणि जकार्ताची रांग

"ताई, यंदा चकलीचा भाव लिहू का नको लिहू?"

२०२४ च्या सप्टेंबरातली गोष्ट. गणपती अजून बसलेले होते आणि आमच्या गल्लीतल्या फराळवाल्या वहिनी दारात उभ्या. हातात पाटी, पाटीवर खडूनं लिहिलेली यादी: चकली, शेव, चिवडा, करंजी. भावाची जागा कोरी. दरवर्षी गणपतीतच त्या दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायला लागतात. पुण्या-मुंबईला मुलं असलेल्या घरांतून निम्म्या ऑर्डरी येतात आणि त्यांना भाव आधी सांगावा लागतो. त्या वर्षी वाण्यानं त्यांना सोयाबीन तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यामागे तीनशे-साडेतीनशे रुपये वाढवून सांगितले होते. आठवड्याभरात!

"दुकानात तोच माल, तेच पोतं, तोच डबा. मागच्या सोमवारी स्वस्त होता, या सोमवारी महाग. डब्याला काय पाय फुटले का?" वहिनींचा राग वाण्यावर होता.

आणि गंमत बघा, त्याच संध्याकाळी माहेराहून भावजयीचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "वन्सं, सरकारनं बाहेरच्या तेलावर कर लावला म्हणे. आता आपल्या सोयाबीनला भाव येईल. हे म्हणतायत, पाच हजारांवर गेलं की बोअरचं कर्ज फेडून टाकू."

एकाच बातमीनं एक बाई रडकुंडीला आली होती आणि दुसरी हरखली होती. मी मधे. माझ्या स्वयंपाकघरात तेल स्वस्त हवं, माझ्या माहेरच्या रानात सोयाबीन महाग हवं. लातूर-धाराशिवच्या बाजूच्या कितीतरी लेकीबाळींची हीच अवस्था असणार. त्या रात्री ठरवलं, हे तेल येतं तरी कुठून ते नीट समजून घ्यायचं.

तर मैत्रिणींनो, आपल्या देशात जेवढं खाद्यतेल लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास! पामतेल येतं इंडोनेशिया आणि मलेशियातून. सोयाबीनचं कच्चं तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, आणि सूर्यफुलाचं रशिया, युक्रेनकडून. जहाजातून ते कांडल्यासारख्या बंदरात उतरतं, शुद्ध होतं, पुड्यात भरलं जातं आणि आपल्या वाण्याकडे येतं. पुड्यावर चित्र मात्र आपल्या शेताचं आणि हसऱ्या गृहिणीचं.

"आम्ही बाई पाम वापरतच नाही," असं सांगणाऱ्या पुष्कळजणी भेटतात. नसतील वापरत. पण बिस्किटं, बेकरीची खारी, पुड्यातलं फरसाण, वनस्पती तूप, अंगाचा साबण, यांतल्या बहुतेकांत ते कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच.

हे नेहमी असं नव्हतं. माझ्या लहानपणी गोडं तेल म्हणजे करडईचं, नाहीतर शेंगदाण्याचं. आजी बरणी घेऊन घाण्यावर पाठवायची. पामोलिन माहीत होतं ते रेशनच्या दुकानातलं, सणाला मिळणारं. तेलबियांचं उत्पादन वाढवायला १९८६ मध्ये सरकारनं मोठी मोहीम घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशाची तेलाची गरज जवळजवळ देशातच भागत होती. मग १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि पुढच्याच वर्षी जागतिक व्यापार संघटना आली. बाहेरचं तेल स्वस्त होतं, ते येत गेलं, आणि आपण खात गेलो. आज आपण माणशी वर्षाला १९ किलोंच्या आसपास तेल खातो, डॉक्टर लोक १२ किलो पुरे म्हणतात. आमच्या माहेरी खरिपाला सोयाबीन आणि मागून हरभरा आला. करडईच्या काट्यांत हात घालायला कोणी तयार होईना, आणि घाण्याच्या जागी मोबाईलचं दुकान झालं.

खरं सांगायचं तर तेव्हा कोणालाच वाईट वाटलं नाही. स्वस्त मिळत होतं ना! जागतिकीकरण आपल्या घरात आलं ते असंच, गोड होऊन. तेलच कशाला, मोबाईल, मिक्सर, मुलांची खेळणी, सणाचे कपडे, सगळ्यांत बाहेरचा माल आला आणि कितीतरी वस्तू आपल्या आवाक्यात आल्या. हा फायदा खोटा नाही. मी स्वतः पहिला मोबाईल घेतला तो स्वस्त झाला म्हणूनच. पण मोबाईल दहा वर्षांतून दोन-तीनदा घ्यायचा असतो. तेल, डाळ आणि गॅस रोजचे. स्वस्ताई आली ती कधीमधी घ्यायच्या वस्तूंत, आणि महागाई शिरली ती रोजच्या कढईत.

ती कशी शिरते ते २०२२ मध्ये फार जवळून दिसलं. २४ फेब्रुवारीला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. टीव्हीवर रणगाडे दिसत होते आणि आपल्याला वाटत होतं, बिचारे लोक! तोवर आपल्या सूर्यफुलाच्या तेलाचा मोठा हिस्सा त्याच युक्रेनमधून यायचा. तिथली बंदरं बंद पडली. मार्च महिन्यात जगभरातल्या अन्नधान्याच्या किमतींचा संयुक्त राष्ट्रांचा निर्देशांक तोपर्यंतच्या सर्वात वरच्या टोकाला गेला. सूर्यफूल मिळेना म्हणून सगळं जग सोयाबीन आणि पामकडे धावलं, तेव्हा तेही महागलं. तेलांचं हे असंच असतं. एक महागलं की बाकीची त्याच्या मागून जातात, लग्नातल्या पंगतीत एकानं लाडू मागितला की ओळीनं सगळे मागतात तसं!

वहिनींच्या वहीत त्याची नोंद आहे. कोरोनाच्या आधी पंधरा किलोचा डबा चौदाशे-पंधराशेला यायचा. २०२२ च्या उन्हाळ्यात चोवीसशेला गेला. शेव आपल्या वजनाच्या पाव हिश्श्याहून जास्त तेल पिते. त्या वर्षी त्यांनी लग्नाच्या दोन ऑर्डरी आधी ठरलेल्या भावात करून दिल्या. "शब्द दिला होता," एवढंच म्हणाल्या. तो तोटा त्यांनी हातातली एक बांगडी गहाण ठेवून भरून काढला, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

आता मुख्य गोष्ट ऐका. त्याच दिवसांत आपल्यापासून हजारो मैल लांब, इंडोनेशियात, बायका तेलासाठी रांगा लावत होत्या. जगात सर्वात जास्त पामतेल पिकवणारा देश! आणि तिथल्याच बाईला घरच्या तळणाला तेल मिळेना. झालं असं, की बाहेर भाव चढला तशी सगळ्यांची नजर परदेशी विक्रीवर. घरच्या गिऱ्हाईकासाठी सरकारनं जानेवारीत लिटरला १४,००० रुपये हा कमाल भाव ठरवला. (घाबरू नका, त्यांच्या नाण्याचं नावही रुपयाच, रुपिया. आपल्या पैशांत ते पाऊणशेच्या आतबाहेर.) ठरवलेल्या भावात तेल विकायला कोण तयार होणार? दुकानातल्या फळ्या रिकाम्या झाल्या. मार्चमध्ये सरकारनं पुड्यातल्या तेलावरचं हे बंधन काढलं, तेव्हा तेल एका रात्रीत फळीवर परत आलं, पण वीस हजारांच्या पुढच्या भावानं.

त्या रांगांवरून तिथल्या माजी राष्ट्राध्यक्ष मेगावती सुकर्णोपुत्री यांनी जाहीरपणे आश्चर्य व्यक्त केलं होतं, की या बायका रोज नुसतं तळतच असतात का, उकडून-वाफवून करता येत नाही का! त्यावर बरीच टीका झाली. मला ते वाचून आपल्याकडची काही मोठी माणसं आठवली. भाव वाढला की खाणाऱ्याला उपदेश, हे सगळ्या देशांत सारखंच दिसतं.

शेवटी २८ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांच्या सरकारनं पामतेलाची निर्यातच बंद केली. आधी आमच्या बायकांना तेल, मग जगाला. ऐकायला किती योग्य वाटतं! पण आपल्या बंदरात येणारी जहाजं थांबली आणि आपल्याकडचा भाव आणखी चढला. तिकडे इंडोनेशियातले छोटे बागायतदार रडायला लागले, कारण माल बाहेर जाईना म्हणून कारखानदार त्यांची फळं घेईनात. मे महिन्यात ते शेतकरी जकार्तात मोर्चा घेऊन आले आणि २३ मे रोजी बंदी उठली. जेमतेम तीन-साडेतीन आठवड्यांचा खेळ.

म्हणजे बघा, जकार्तातही एक फराळवाली वहिनी होती आणि एक माझी भावजय होती.

आणि आपण काही कमी नाही हं! २०१९ च्या सप्टेंबरात आपल्याकडे कांदा महागला म्हणून सरकारनं निर्यात बंद केली. पुढच्याच महिन्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत हसत हसत सांगून गेल्या, की आधी थोडी कल्पना दिली असती तर बरं झालं असतं, मी आता आमच्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय. २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा कांदाबंदी आली, ती २०२४ च्या मेपर्यंत राहिली. नाशिककडच्या बायकांना विचारा चाळीतल्या कांद्याचं काय झालं ते. २०२३ च्या जुलैत आपण साधा पांढरा तांदूळ बाहेर पाठवणं थांबवलं, तेव्हा आफ्रिकेतल्या आणि नेपाळमधल्या किती स्वयंपाकघरांत आपल्या नावानं बोटं मोडली गेली असतील! तेलाच्या बाबतीत आपण घेणारे, कांदा-तांदळाच्या बाबतीत देणारे. ज्याचं त्याच्या हातात जे असतं ते तो संकटात मुठीत आवळतो.

भाव ठरतो तरी कुठे? आमचा वाणी ठरवत नाही, एवढं मी वहिनींना पटवलं. पामतेलाचा भाव बघायचा तर व्यापारी मलेशियातल्या क्वालालंपूरच्या वायदेबाजाराकडे बघतात. सोयाबीनसाठी अमेरिकेतल्या शिकागोकडे. लातूरच्या अडतीत बोली लावणारा माणूसही खिशातल्या मोबाईलवर तेच बघून मग तोंड उघडतो. त्यात डॉलर. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७४-७५ रुपयांना होता, वर्षअखेरीस ८२-८३ झाला. तेल तेच, जहाज तेच, पण आपला रुपया हलका झाला म्हणून जास्त मोजावे लागले. त्यात वाहतूक. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली. आणि त्यात इंडोनेशियाचं डिझेल! तिथं डिझेलमध्ये पामतेलापासून केलेलं इंधन मिसळतात, आणि ते प्रमाण वाढवत वाढवत २०२५ मध्ये ४० टक्क्यांवर नेलंय. तिकडचे ट्रक आता आपल्या कढईचे भागीदार आहेत. म्हणूनच २०२४ च्या अखेरीला कधी नव्हे ते पामतेल सोयाबीन तेलापेक्षा महाग झालं होतं.

श्रीमंत देशांत हे सगळं होत नाही का? होतं. पण त्यांचं सोसणं वेगळं. आपल्याकडे महागाई मोजायची जी टोपली २०१२ च्या पायावर बांधली होती, तिच्यात खाण्यापिण्याचा वाटा ४६ टक्क्यांच्या आसपास होता. अमेरिकेत तो सातव्या हिश्श्याच्या आगेमागे. तिथं तेल दुप्पट झालं तर बाई कुरकुरते आणि घेते. आपल्याकडे तेल वाढलं की मुलाच्या शिकवणीची फी पुढच्या महिन्यावर जाते, नाहीतर भिशीचा हप्ता चुकतो.

आता परत २०२४ च्या त्या गणपतीकडे येते. १४ सप्टेंबरपासून सरकारनं कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचा एकूण आयातकर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के केला. म्हणजे बंदरात शंभर रुपयांना उतरलेल्या तेलावर आधी साडेपाच रुपये भरायचे, ते आता साडेसत्तावीस. हेतू चांगला होता. बाहेरचं तेल महाग झालं की इथल्या सोयाबीनला मागणी येईल आणि शेतकऱ्याला भाव मिळेल. सरकारनं कंपन्यांना असंही सांगितलं होतं, की जुन्या कमी कराचं तेल देशात महिना-दीड महिना पुरेल एवढं आहे, ते संपेपर्यंत किंमत वाढवू नका. वहिनींचा डबा मात्र त्याच आठवड्यात वाढला. इथं त्यांचा राग अगदीच चुकीचा नव्हता! भाव चढायचा असला की बातमी विमानानं येते, उतरायचा असला की बैलगाडीनं.

आणि माझ्या भावजयीचं काय? त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. दिवाळीच्या तोंडावर बाजारात मिळत होते चार ते साडेचार हजार. सरकारी खरेदी केंद्रावर न्यावं तर दाण्यात ओल बारा टक्क्यांच्या आत हवी. परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन बारा टक्क्यांवर कसं यायचं? ती अट पंधरा टक्क्यांवर आणली नोव्हेंबरच्या मध्याला, तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि गरजू माणसानं माल विकूनही टाकला होता.

तेल महागलं, मग सोयाबीन का नाही महागलं? हा प्रश्न भावजयीनं मला विचारला आणि मी पुन्हा निरुत्तर. मग कळलं, की सोयाबीनच्या दाण्यात तेल असतं जेमतेम १८ टक्क्यांच्या आसपास. बाकी बहुतेक सगळी पेंड. कारखानदाराला दाण्याचा जो पैसा सुटतो त्यातला मोठा भाग पेंडीतून, आणि पेंडीचा भाव पुन्हा जगाच्या बाजारात. ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड स्वस्त होती. शिवाय मका-तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा आता आपल्याकडेच ढिगानं निघतो आणि कोंबडीखाद्यात पेंडीच्या जागी तो चालतो. तेलाला कराची छत्री मिळाली, पेंड उघड्यावर भिजली.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये याच सोयाबीननं लातूरच्या बाजारात दहा हजारांचा आकडा ओलांडला होता. भावानं तेव्हा वर्षाचं सगळं गणित त्या आकड्यावर मांडलं आणि बोअर घेतली. त्याच महिन्यात कोंबडीवाल्यांच्या मागणीवरून सरकारनं बाहेरची सोयापेंड आणायला परवानगी दिली, इथलं नवं पीकही आलं, आणि दिवाळीपर्यंत भाव पाच हजारांच्या आसपास. बोअरला पाणी लागलं, पण कर्ज अजून आहे.

असो. फार रडगाणं नको. या सगळ्या शोधाशोधीत एक घरगुती उपयोगाची गोष्ट हाती लागली, ती सांगते. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे. एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात पंधरा किलोच्या डब्यापेक्षा सव्वा किलोहूनही थोडं जास्तच तेल कमी. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर पटकन कळत नाही, आणि "पंधराचा डबा" म्हणून मागितला की दुकानदार कुठला देतो ते बघावं लागतं. वहिनींना एकदा असा फटका बसलेला आहे. पुड्यांचं तर आणखी वेगळं. भाव चढले तसे कंपन्यांनी पुडा तेवढाच दिसेल असा ठेवून आतलं तेल कमी केलं. ९१० ग्रॅमच्या शेजारी ८५०, ८०० ग्रॅमचेही पुडे मांडलेले असतात. किंमत कमी दिसते म्हणून आपण उचलतो. पुड्यावर बारीक अक्षरात दर ग्रॅमचा किंवा दर मिलिलिटरचा भाव छापलेला असतो. चष्मा लावा, पण तो वाचा.

मागे २०२२ च्या दिवाळीत रेशनवर शंभर रुपयांत आनंदाचा शिधा मिळाला होता: किलो किलो रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेल. आमच्या कामवाल्या मावशींनी त्या एका लिटरमध्ये चकली, शंकरपाळे आणि वर दोन दिवसांची भाजी काढली. त्यांना जकार्ता ठाऊक नाही, पण कढईत तेल किती घालायचं याचा त्यांच्याइतका अंदाज कोणाला नाही.

३० मे २०२५ ला सरकारनं कच्च्या तेलावरचा कर पुन्हा खाली आणला, साडेसोळा टक्क्यांवर. या वेळी फोन वहिनींनी केला, "ताई, कमी झाला म्हणे!" माहेरचा फोन आलाच नाही. मीच केला, तर भावजय म्हणाली, "आता काय बोलायचं, पेरणी तोंडावर आलीय, बियाणं आणून ठेवलंय." पेरलं सोयाबीनच. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो तुम्हाला माहीतच आहे. शेंगा झाडावरच कुजल्या. नवा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झालेला होता, पण विकायला नेण्यासारखं त्यांच्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. मागच्या बाजूच्या चढावर भावजयीनं हट्टानं अर्धा एकर करडई टाकली. "निदान घरचं तेल तरी," म्हणाली. काटे कोण सोसणार विचारलं तर म्हणाली, "सासूबाईंचे जुने हातमोजे आहेत."

आणि वहिनी? त्यांनी २०२५ च्या दिवाळीत पाटीवर भाव लिहिलाच नाही. पाटीवर नुसती पदार्थांची नावं, आणि खाली खडूनं एक ओळ: "तेलाचा भाव ऑर्डरच्या दिवशीचा. तेलाचे पैसे आधी." दोन जुनी गिऱ्हाईकं रुसली. बाकीच्यांनी पैसे काढून दिले. मीही दिले.